शजरा आणि दाखल-खारीज

चार मुसलमान एका दस्तरखानावर बसले की जेवण येईपर्यंत एक विषय हमखास निघतो. आपण मूळचे कुठले? मग कुणाचे पूर्वज अरबस्तानातून आलेले असतात, कुणाचे इराणातून, कुणाचे काबूलहून. बगदाद, बुखारा, समरकंद ही नावे अशी घेतली जातात की जणू वणीहून मारेगावला जाणारी एस.टी. पुढे तिकडेच जाते. आम्ही वरोऱ्याकडून आलो, पांढरकवड्याहून आलो किंवा झरी-जामणीच्या एखाद्या खेड्यातून आलो, असे म्हणणारा मात्र क्वचित भेटतो. आणि आमचे पूर्वज अमुक काम करून पोट भरत होते, असे आपणहून सांगणारा तर त्याहून दुर्मीळ.

आम्ही वणीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे वंशाचा हा विषय आम्हांला केवळ गप्पांचा राहिलेला नाही. प्रत्येक शाळेत एक जाड नोंदवही असते. तिला आमच्याकडे दाखल-खारीज म्हणतात. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, पोटजात असे तिचे रकाने. जुन्या उर्दू शाळांच्या अशा वह्या उघडून पाहा. जातीच्या रकान्यात पानामागून पान एकच शब्द दिसेल, ‘मुसलमान’. उर्दूत या रकान्याला ‘कौम’ म्हणत. कौम कोणती, असे विचारले की बाप अभिमानाने मुसलमान म्हणे आणि मास्तरही तेच लिहीत. त्यात कुणाचाच वाईट हेतू नव्हता. दीनमध्ये जात नाही, मग कागदावर ती कशाला, हा साधा विचार होता.

पण घरात मात्र जात होती. सोयरीक जुळवताना ती पहिल्यांदा विचारली जात होती. म्हणजे मंगनीच्या वेळी जी गोष्ट चार वेळा खोदून विचारायची, तीच शाळेत सांगायची नाही, असा आपला व्यवहार. या व्यवहाराची किंमत पुढच्या पिढ्या भरत आहेत.

मध्यंतरी पाचवीच्या मुलांना आम्ही घरचा शजरा काढून आणायला सांगितले होते. कागदावर झाड काढायचे, खोडापाशी सर्वांत जुन्या माणसाचे नाव, शेंड्याला स्वतःचे. मुले दुसऱ्या दिवशी रंगवलेली झाडे घेऊन आली. एका मुलाने मोठ्या अक्षरात लिहिले होते, ‘हम तुर्क हैं.’ विचारले तर कळले की लॉकडाऊनमध्ये घरी ‘अर्तुग्रुल’ मालिका पाहिली जात होती. कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाच्या मुलीने गाझीपूर लिहिले होते. एकाची नानी पैनगंगेपलीकडची, आदिलाबादची. ती आजही रागावली की तेलुगूत बोलते, असे त्याने सांगितले. सगळा वर्ग हसला, पण तेलुगू येणारी आणखी दोन घरे त्यातून निघाली.

या झाडांमध्ये दोन गोष्टी मनाला लागल्या. पहिली ही की बहुतेक झाडे तिसऱ्या पिढीला थांबत होती. जो मुलगा हजार वर्षांपूर्वीचे तुर्कस्तान सांगत होता, त्याला स्वतःच्या पणजोबाचे नाव ठाऊक नव्हते. दुसरी गोष्ट, एकाही झाडावर दादीचे नाव नव्हते. नुसतेच ‘दादी’. पुरुषांना नावे आणि बायकांना फक्त नाते. आम्ही मुलांना परत पाठवले की दादी, परदादी, नानी यांची नावे विचारून या. काही मुलांच्या आयांनी शाळेत फोन करून विचारले, सर, ये भी सरकारी काम है क्या?

खरे सांगायचे तर बाहेरून कुणी आलेच नाही, असेही नाही. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या थेट अंमलाखाली होता आणि निजामाच्या फौजेत अरब होते, रोहिले होते, पठाण होते. विदर्भाच्या बाजारपेठांत कच्छी मेमन आणि बोहरा व्यापारी गुजरातेतून आले. १८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर नागपूर-कामठीला येऊन वसले. आमच्या वणीत कोळसा खाणींनी उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणाची माणसे आणली. ही सगळी येणी-जाणी खरी आहेत. पण येणारे मूठभर आणि इथलेच बहुसंख्य, हेही तितकेच खरे. भारतीय मुसलमानांवर झालेले जनुकशास्त्राचे अभ्यासही सांगतात की बहुतेकांचे रक्ताचे नाते आपापल्या प्रदेशातल्या शेजाऱ्यांशीच सर्वांत जवळचे आहे.

राजघराण्यांचे तरी काय वेगळे? आमच्या वऱ्हाडात १४९० मध्ये इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क हा विजयनगरकडच्या हिंदू घराण्यातला. लढाईत लहानपणी कैद होऊन तो बहामनी सरदाराच्या पदरी वाढला, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. अहमदनगरची निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण घराण्यातला आणि त्या घराण्याचे नाते पाथरीशी. ज्याने ही निजामशाही पुढे मोगलांविरुद्ध तगवली, तो मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. सुलतान आणि वजीर जर असे, तर त्यांच्या राज्यात कापूस पिंजणारा, बांगड्या विकणारा, पानाचे विडे लावणारा माणूस थेट बगदादहून कशाला येईल?

आमच्याच घराचे सांगतो. आम्ही शेख. घरातले वडीलधारे सांगत, आपले पूर्वज अरब. फक्त दादांची बहीण, जिला आम्ही फुफीदादी म्हणत असू, ती वेगळे बोले. ती म्हणे, “बेटा, अरब-वरब मेरेकू नहीं मालूम. हमारे घर में रोटी पिंजन से आयी.” आमचे परदादा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरत. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की पाटलाच्या वाड्यापासून महारवाड्यापर्यंत सगळीकडच्या गाद्या आणि रजया त्यांच्या हातून जात. पिंजणाच्या तातीचा आवाज आला की गल्लीतली पोरे धावत येत, असे ती सांगे. पुढे कापूस पिंजायची यंत्रे आली आणि ते पिंजण माळ्यावर गेले. त्याच्याबरोबर ‘पिंजारी’ हा शब्दही गेला आणि आम्ही नुसते शेख उरलो.

उर्दूत एक जुनी म्हण चालत आली आहे. गेल्या साली आम्ही जुलाहे होतो, यंदा शेख आहोत, धान्याचा भाव चढला तर पुढच्या साली सय्यद होऊ. म्हण बोचरी आहे, पण तिच्यात माणसाची तडफड आहे. ज्या कामाला समाज हलके समजतो त्या कामाचे नाव माणूस टाकून देतो. मग विणकर अन्सारी झाले, मदिनेत हुजूर पाकांना साथ देणाऱ्या अन्सारांशी त्यांनी नाते जोडले. खाटिक कुरेशी झाले. पिंजारी मन्सूरी झाले, कारण ९२२ साली बगदादमध्ये ज्यांना सुळी दिली गेली त्या मन्सूर हल्लाज यांच्या नावातल्या ‘हल्लाज’ शब्दाचा अर्थच मुळी कापूस पिंजणारा. यातली इज्जतीची भूक आम्हांला समजते. पण इज्जत मिळवायला आजोबांचा हात सोडावा लागावा, हे मात्र पटत नाही.

आता कागदाची गोष्ट. इतर मागासवर्गाच्या यादीत महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या आहेत. पिंजारी, मणियार, बागवान, तांबोळी, मोमीन, आतार अशी नावे तीत आहेत. ती सहज आलेली नाहीत. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे गावोगावी मुस्लिम ओबीसींच्या सभा घेतल्या. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचे पुत्र दिलीपकुमार त्या व्यासपीठांवर येऊन बसले. पण यादीत नाव असणे वेगळे आणि आपण त्या नावाचे आहोत हे सिद्ध करणे वेगळे. प्रमाणपत्र मागायला गेले की वंशावळ लागते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वंशावळ म्हणजे दुसरे काय, शजराच! आयुष्यभर खोटा शजरा सांगितला, आता सरकार खरा मागते आणि आपल्या दाखल्यावर लिहिलेले असते फक्त ‘मुसलमान’.

काही वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झालेली, तिला नर्सिंगला जायचे होते. तिच्या थोरल्या भावाची एक जागा प्रमाणपत्राअभावी आधीच गेली होती आणि तो एका दुकानात कामाला लागला होता. घराणे मणियारांचे. दादा आणि परदादा डोक्यावर पेटी घेऊन खेडोपाडी बांगड्या भरत. लग्नघरी हिरवा चुडा त्यांच्याच हातचा लागे. परंतु वडिलांच्या दाखल्यावर जात ‘मुसलमान’, चाचांच्या दाखल्यावरही ‘मुसलमान’.

आम्ही त्यांना म्हटले, परदादा ज्या खेड्यात राहत तिथल्या मराठी शाळेत जाऊन पाहा आणि तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल मागा. ते गप्प राहिले. मग हळूच बोलले, “सर, बड़ी बेटी का रिश्ता चल रहा. वो लोग असली शेख हैं. कागज पे मणियार निकला और उनको मालूम पड़ा तो?”

वाचकहो, एका मुलीची जागा आणि दुसऱ्या मुलीचा निकाह असे तराजूचे दोन पारडे त्या बापाच्या हातात होते. आम्हांला काय बोलावे ते सुचेना. तोड काढली ती त्या मुलींच्या आईने. ती म्हणाली, “रिश्ता अल्लाह के हाथ में है. फॉर्म की तारीख तो छपी हुई है.”

ते खेड्यात गेले. मराठी शाळेच्या १९५२ सालच्या नोंदवहीत त्यांच्या वडिलांच्या थोरल्या भावाचे नाव सापडले आणि पुढे जातीच्या रकान्यात कुण्या गुरुजींनी शाईने स्वच्छ लिहिले होते, ‘मण्यार’. जे आपल्या शाळांनी लिहिले नाही ते त्या अनोळखी मराठी गुरुजींनी लिहून ठेवले होते. त्यांनी गावात जे पाहिले तेच लिहिले. त्या एका शब्दावर उपविभागीय कार्यालयातून प्रमाणपत्र निघाले, यवतमाळला पडताळणी झाली आणि मुलगी नर्सिंगला गेली. रिश्त्याचे म्हणाल तर तोही झाला. बोलणी पक्की झाल्यावर नवऱ्या मुलाच्या आईने विहीणबाईंना बाजूला नेऊन विचारले, “वो कागज कैसे निकाला? हमारे छोटे के लिए भी देखना था.”

सगळ्यांची अशी सोय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जी कुटुंबे खाणींबरोबर १९६७ नंतर आली, त्यांना इथले प्रमाणपत्र मिळत नाही. त्यांना बापाच्या मूळ राज्याचा रस्ता धरावा लागतो. तिकडे ओळख उरलेली नसते आणि इकडे पुरावा नसतो. आमच्या वर्गातली गाझीपूरवाली मुलगी त्यांपैकीच.

काही मित्र आम्हांला विचारतात, तुम्ही शिक्षक होऊन मुसलमानांत जात पेरता काय? त्यांना आम्ही सूरह हुजुरातची आठवण देतो. तिथे कबिले आणि वंश नाकारलेले नाहीत. ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत आणि मोठेपणा फक्त परहेजगारीचा, असा त्या आयतीचा आशय आहे. ओळख सांगण्यात गुन्हा नाही, ओळखीवरून माणसाला खाली बसवण्यात आहे. आपण नेमके उलटे करतो. सोयरिकीत जात पाळतो आणि हक्काच्या कागदावर लपवतो. २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने अशराफ, अजलाफ, अरजाल हे आपल्यातले थर देशासमोर मांडले. ज्यांना ते वाचून राग आला, त्यांनी आपल्या घरातल्या निकाहांची यादी एकदा तपासावी.

बाहेरचेही दोन आवाज आहेत. एक म्हणतो, तुम्ही परके, बाहेरून आलात. दुसरा म्हणतो, तुम्ही आमचेच, बळाने बाटलेले. दोघांनाही आमच्या परदादांशी देणेघेणे नाही. कापूस पिंजणाऱ्या माणसाने कोणत्या फकिराच्या दर्ग्यात बसून, कोणत्या अपमानाला कंटाळून किंवा कोणत्या प्रेमापोटी कलमा पढला हे त्याचे त्याला ठाऊक. तो परका नव्हता आणि कुणाची हरवलेली वस्तूही नव्हता. विदर्भाच्या थंडीत या गावांनी पांघरलेल्या रजयांत त्याची मेहनत होती.

आज महाराष्ट्रात जो तो आजोबांचे कागद शोधत आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मोडी आणि उर्दूतली दप्तरेही उघडली गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातीची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. १९३१ नंतर जनगणनेत सगळ्या जातींची अशी मोजणी झालेली नाही. मोजणारा दारात आला की त्याला काय सांगायचे, हे घराघरात आधी बोलले गेले पाहिजे.

आम्ही आमच्या परीने सुरुवात केली आहे. जून महिन्यात दाखल्यासाठी पालक येतात तेव्हा आम्ही पेन हातात धरून थांबतो आणि विचारतो, मुलाचे परदादा काय काम करत होते? कुणी चिडते, कुणी हसते. कुणी म्हणते, घरी विचारून उद्या सांगतो. उद्या येणाऱ्यांसाठी आम्ही तो रकाना मोकळा ठेवतो. आणि शजऱ्याच्या कागदावर दादीच्या नावाची जागासुद्धा.