जग बुडाल्यावरचा गेम : खेळावा की नाही?

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला दोनच मोठे प्रश्न पडतात. सबमिशन कधी? आणि नवीन गेम कुठला? पहिल्याचं उत्तर नोटीस बोर्डावर मिळतं. दुसऱ्याचं ज्याचं त्यानेच शोधायचं. कारण गेम पैशांपेक्षा रात्री जास्त खातो, आणि शेवटच्या वर्षाला रात्री मोजक्याच उरलेल्या असतात.

सध्या आमच्या विंगमध्ये वाद चाललाय तो 'द लाँग डार्क'चा. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओने २०१७ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला हा गेम. भूचुंबकीय वादळ येतं, गेलेली वीज परत येत नाही, आणि आपण बर्फाळ रानात एकटे उरतो. झॉम्बी नाहीत. शत्रू म्हणजे थंडी, भूक, तहान, थकवा आणि अधूनमधून लांडगा. 'सर्व्हायव्हल' मोडमध्ये तर जिंकणं हा प्रकारच नाही. आणखी एक दिवस काढायचा, एवढंच. मूळ नियम असा की मेलात तर सेव्ह फाइलसुद्धा गेली. काउंटर-स्ट्राइकवर वाढलेल्या पब्लिकला हे पचायला जरा जड जातं.

मग यात करायचं काय? तर हिशोब! काड्या किती उरल्या? बर्फ वितळवून पाणी उकळायला जळण किती लागेल? पाठीवर अजून किती वजन झेपेल? पुस्तक सापडलं तर वाचायचं की शेकोटीत घालायचं? (आमच्यातल्या काहींनी हा निर्णय फर्स्ट इयरलाच घेतलेला आहे.)

मी इलेक्ट्रिकलचा, त्यामुळे मला त्या वादळात जास्त रस. ही नुसती कल्पना नाही बरं का! १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात अशाच वादळाने साधारण दीड मिनिटात अख्खी ग्रिड झोपवली. साठ लाख लोक अंधारात. जमिनीचं चुंबकीय क्षेत्र हलतं, त्यामुळे लांबलचक ट्रान्समिशन लाइनमध्ये जवळजवळ डीसीसारखा करंट वाहू लागतो, ट्रान्सफॉर्मरचे कोअर सॅच्युरेट होतात आणि एकामागून एक ट्रिपिंग सुरू होतं. क्यूबेकच्या खालचा खडक वीज नीट वाहू देत नाही, म्हणून सगळा भार लाइनवर. हे मी मशीन्सच्या पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. गेममुळे शोधून वाचलं. एक थाप मात्र आहे. गेममध्ये आकाशात ऑरोरा चमकला की मेलेले दिवे आणि कॉम्प्युटर आपोआप सुरू होतात. व्हायवाला असं सांगून बघा, एक्स्टर्नल दार दाखवतील!

इथपर्यंत माझं मत 'खेळावा' असंच होतं. आडवा आला तो माझा रूममेट. तो माणदेशातला. दोन मिनिटं स्क्रीनकडे बघून म्हणाला, "लेका, पाणी मोजायचं, जळण जपायचं, ह्यो खेळ हाय व्हय? आमची आई दर उन्हाळ्यात हेच करतीय. तिला कुणी 'लेव्हल अप' म्हनत न्हाई."

मला यावर उत्तर नव्हतं. एकाची रोजची ओढाताण ही दुसऱ्याची करमणूक होऊ शकते का, हा प्रश्न ग्राफिक्स आणि रॅमच्या पलीकडचा आहे. मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

विंगमधले बाकीचे हिरो तिसऱ्या-चौथ्या दिवशी गारठून मेले होते. हा पठ्ठ्या एकवीस दिवस टिकला. पहिल्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, त्याने लाकडं गोळा केली, पाणी उकळून ठेवलं आणि दार लावून झोपला. ना शिकार, ना हिरोगिरी. शेवटी लांडग्याने गाठलं, तेव्हा मागे उभी असलेली अर्धी विंग हळहळली. लॅपटॉप मिटून तो एवढंच म्हणाला, "समदं बराबर हाय, पर शेजार न्हाई. टँकर आला आन आई घरात नसली, तर शेजारची काकू आमच्या घागरी भरून ठेवती. हितं कोनच न्हाई."

मला वाटतं, या गेमचं परीक्षण याहून चांगलं कुणी करणार नाही. गेममध्ये एक जलविद्युत धरणही आहे. आपण आसऱ्याला आत शिरतो, तिथे यंत्रं आहेत आणि ड्युटीवर माणूस नाही. क्यूबेकमध्ये बहुतेक वीज नऊ तासांत परत आली, कारण तिथे कुणीतरी रात्रपाळीला होतं. उद्या त्या पाळीला आपल्यातलेच काहीजण असणार आहेत.

तेव्हा मित्रहो, गेम जरूर खेळा. पण सबमिशन झाल्यावर, आणि शक्यतो रूमचं दार उघडं ठेवून. चौघांनी मागे उभं राहून आरडाओरडा केला तरच त्या बर्फात जरा ऊब येते. दुसऱ्याला हरवण्यातच मजा येत असेल, तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका. इथे हरवायला कुणी नाही, आणि मदतीलाही.