चार पानी परीक्षा

माझ्या संगणकावर ‘परीक्षा’ नावाची चार पानांची एक फाइल आहे. तिच्यात वाचण्यासारखं काही नाही. पहिल्या पानावर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कर्तृत्व’, ‘उच्छ्वास’, ‘वाङ्मय’ असे शब्द ओळीने टाकलेले आहेत. दुसऱ्या पानावर एक कोष्टक, त्यातले तीन रकाने एकत्र केलेले आणि एकात चित्र. तिसऱ्यावर तळटीपा, चौकटीतला मजकूर आणि संपादकाच्या लाल रंगातल्या दुरुस्त्या. चौथ्यावर आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका. ही फाइल मी वर्डमध्ये केली, आणि ‘वर्डच्या फाइली नीट उघडेल असं मुक्त सॉफ्टवेअर कोणतं?’ असं कोणी विचारलं, की आधी ती त्याच्या हातात देते.

मी पुण्यात पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. १९९८ साली पेजमेकर आणि श्रीलिपीवर हात बसवला, पुढे युनिकोड आलं, साधनं बदलली. मजकूर मात्र लेखक ज्यात लिहील त्यातूनच येतो. कोणाची फाइल मुलाच्या लॅपटॉपवर केलेली, कोणाची टायपिंगवाल्याकडून आलेली, कोणी फोनवर बोलून उतरवलेली. बहुतेक वर्डच्या. ‘अमुक सॉफ्टवेअर घ्या, मग या’ असं लेखकाला सांगता येत नाही. आलेली फाइल उघडायची, आणि त्यातलं एक अक्षर, एक तळटीप हरवू द्यायची नाही, हे माझं काम.

असं मुक्त सॉफ्टवेअर शोधायला निघालेले बरेच जण ओपनऑफिस उतरवून घेतात आणि तिथेच फसतात. नावाचा हा गोंधळ आधी मिटवायला हवा. जर्मनीतल्या ल्युनेबुर्गमध्ये मार्को बोरीस या शाळकरी मुलाने १९८५ साली स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टाररायटर हे या घराण्याचं मूळ. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली आणि २००० साली कोड खुला केला, तेव्हा ओपनऑफिस जन्मलं. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ओपनऑफिसच्या अनेक कार्यकर्त्यांनी वेगळी वाट धरली आणि लिब्रेऑफिस उभं राहिलं. ओपनऑफिस हे नाव आता अपाचे फाउंडेशनकडे आहे. ते आजही उतरवता येतं, वर्डची आजची डॉकएक्स फाइल उघडतंही, पण डॉकएक्समध्ये साठवत नाही. ज्याला वर्डवाल्यांशी रोज देवघेव करायची आहे त्याची अडचण इथेच होते. लिब्रेऑफिस उघडतं आणि साठवतंही.

मराठी पुस्तकाचं काम असेल तर मी लिब्रेऑफिसचं रायटर सुचवते, दुसरा विचार न करता. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून त्यात अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ या खुल्या इंजिनाकडे गेलं. विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, फाँट एकच असेल तर ‘कर्तृत्व’ तिन्हीकडे सारखं जुळतं. ऑनलीऑफिस दिसायला वर्डच्या जवळचं आहे आणि डॉकएक्सलाच आपला मूळ साचा मानतं, त्यामुळे कचेरीतले तक्ते आणि पत्रं त्यात सुबक उघडतात. ज्यांचं काम त्या प्रकारचं आहे त्यांना मी ते सांगतेही. मात्र देवनागरीसाठी त्याची नवी आवृत्ती घेतली की ‘परीक्षा’चं पहिलं पान त्यात उघडून पाहिल्याशिवाय मी हमी देत नाही. ॲबीवर्ड जुन्या, हलक्या संगणकांवर छान चालायचं. पुस्तकाच्या फाइलीसाठी मी ते आता सुचवत नाही.

पण सॉफ्टवेअर निवडून प्रश्न सुटतो असं मानणं चूक आहे. माझ्याकडे आलेल्या बिघाडांत दोष सॉफ्टवेअरचा कमी, फाइल ज्या रीतीने बनवली तिचा जास्त. एका लेखकांची २१४ पानांची कादंबरी रायटरमध्ये २२१ पानांची झाली. ते घाबरले. शब्द सगळे जागेवर होते. बदलला होता तो फाँट. त्यांनी मंगल वापरला होता, आणि माझ्या लिनक्सच्या संगणकावर तो नव्हता. त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट बसला, ओळींची उंची बदलली, आणि प्रकरणागणिक पानं सरकली. मंगल हा र. कृ. जोशींच्या हातचा फाँट, विंडोजसाठीचा. इंग्रजी मजकुराला या बाबतीत सोय आहे: टाइम्स न्यू रोमन आणि एरियलच्या नेमक्या मापाचे लिबरेशन फाँट आहेत, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आहे, त्यामुळे बदली झाली तरी ओळ तिथेच तुटते. मंगलच्या मापाचा असा जुळा माझ्या हाती कधी आला नाही. म्हणून मी लेखकांना सांगते की सुरुवातीपासूनच मुक्त, खुल्या परवान्याचा फाँट घ्या, ‘एक टाइप’ या फाँटकारांचा ‘मुक्त’ घ्या, ‘नोटो’ घ्या, आणि तोच दोन्हीकडे ठेवा. परवाना परवानगी देत असेल तर फाँट फाइलीतच भरून ठेवण्याची सोयही रायटरमध्ये आहे.

दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. मराठी वाचकाच्या डोळ्याला हिंदी वळणाचा ‘ल’ खटकतो. फाँटात दोन्ही रूपं असली तरी कोणतं दाखवायचं हे फाइलीत नोंदलेल्या भाषेवरून ठरतं. कीबोर्ड हिंदीचा बसवलेला असतो, म्हणून संपूर्ण मराठी पुस्तकाच्या फाइलीत भाषा हिंदी अशी नोंद होऊन बसते. हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. रायटरमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली, की पानभर ‘ल’ एकदम आपल्या वळणावर येतात. तो क्षण मला अजूनही आवडतो.

ठळक अक्षरांचंही असंच. डॉकएक्स फाइलीच्या पोटात रोमन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरी अशा वेगवेगळ्या खुणा असतात. ठळकपणासाठी ‘बी’ आणि ‘बीसीएस’, आकारासाठी ‘एसझेड’ आणि ‘एसझेडसीएस’. आकार अर्ध्या पॉइंटात लिहिलेला असतो, म्हणजे १२ पॉइंटाला २४. एखाद्या मोफत रूपांतर-साधनातून आलेल्या फाइलीत नुसती ‘बी’ लिहिलेली असते. मग इंग्रजी शब्द ठळक दिसतो आणि शेजारचा मराठी शब्द साधा. लेखक म्हणतो, रायटरने माझी शीर्षकं पुसली. रायटर फक्त लिहिलेलं वाचत असतं.

हे पोट उघडून पाहायला मी शिकले ते एका बाईंमुळे. बाई निवृत्त शिक्षिका, आपल्या पंचक्रोशीतल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी अकरा वर्षं गोळा केल्या होत्या. घरोघरी बसून, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून. सगळं एका डॉकएक्स फाइलीत, मध्ये मध्ये त्या बायकांची छायाचित्रं. पेन ड्राइव्ह घाईत ओढून काढला गेला आणि फाइल उघडेना. वर्डमध्ये नाही, रायटरमध्ये नाही. दुसरी प्रत नव्हती. बाई माझ्यासमोर खुर्चीत बसल्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

डॉकएक्स म्हणजे खरं तर गाठोडं, झिप फाइल. मी शेपटीचं नाव बदलून झिप केलं आणि सोडवायला घेतलं. एका छायाचित्राशी येऊन ते अडलं. बिघाड तिथे होता. पण ‘वर्ड’ नावाच्या कप्प्यातली ‘डॉक्युमेंट’ ही एक्सएमएल फाइल निघाली. साध्या मजकुराच्या संपादकात ती उघडली. एकच लांबलचक ओळ, कोनाकृती कंसांचं रान, परिच्छेदाला ‘पी’, मजकुराला ‘टी’. आणि त्या रानात, प्रत्येक ‘टी’च्या आत, स्वच्छ देवनागरीत ओवी. मी म्हटलं, “बाई, बिघडलीय ती फाइल. ओव्या नाहीत बिघडल्या.” त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ आल्या आणि पहिली ओवी मोठ्याने वाचली. कंस गाळून मजकूर रायटरमध्ये आणायला दोन दिवस लागले. छायाचित्रांपैकी एक गेलं, ते कोणाचं होतं हे बाईंना आठवत होतं.

हे शक्य झालं कारण आतला मजकूर मोकळा लिहिलेला होता. डॉकएक्सच्या आधीची डॉक फाइल अशी हाताने सोडवता येत नाही. तिची बांधणी बंद होती, आणि मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये तिचा तपशील सर्वांसाठी उघड करेपर्यंत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ती अक्षरशः चाचपडत उलगडली. डॉकएक्सचं मानक २००८ मध्ये आयएसओने मान्य केलं, तेव्हा भारताचं मत विरोधात होतं. सहा हजारांवर पानांचा तो ग्रंथ, आणि त्यात ‘वर्ड ९५ सारखी मोकळी जागा सोडा’ अशा अर्थाच्या जुन्या खुणा अजून आहेत. शंभर टक्के जुळणी कोणी का देऊ शकत नाही, याचं उत्तर या खुणांमध्ये आहे. नव्या वर्डच्या सवयीही आहेतच: दोन्ही कडा सरळ ठेवलेल्या परिच्छेदात तो शब्दांमधली जागा आवळून आणखी एक शब्द ओळीत बसवतो, अलीकडच्या लिब्रेऑफिसने ही रीतही शिकून घेतली. लिब्रेऑफिसवाल्यांच्या पिढ्यांनी केलेल्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्याच गोतावळ्यातल्या लोकांमुळे २०१५ पासून पेजमेकरच्या जुन्या फाइली लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडू लागल्या. आतला मजकूर श्रीलिपीच्या सांकेतिक अक्षरांत, म्हणजे फाँट नसेल तर रोमन चिन्हांचा चिखल. तो युनिकोडमध्ये बदलून पुन्हा प्रुफं तपासावी लागतात. पण उघडतं तरी.

माझी रीत आता ठरलेली आहे. मूळ प्रत ओडीटीत, कारण तो साचा २००६ पासून आयएसओचं खुलं मानक आहे आणि रायटरची ती मातृभाषा. लेखकाला किंवा संपादकाला द्यायची प्रत तेवढी डॉकएक्समध्ये. दोघांनी एकाच फाइलीवर आळीपाळीने काम करायचं असेल तर सुरुवातीला एकच साचा ठरवायचा आणि शेवटपर्यंत बदलायचा नाही. दर वेळी इकडून तिकडे साठवत गेलं की चौकटी हलतात, कोष्टकाच्या रेघा जाड होतात. शीर्षकाला शीर्षकाची शैली लावायची, अक्षर नुसतं मोठं करून थांबायचं नाही. नवं पान हवं तर पानतोड घालायची, एंटर दाबत खाली जायचं नाही. एवढं पाळलेली फाइल मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये नेली त्यात जवळजवळ तशीच उतरली आहे.

बाईंचा संग्रह आता ओडीटीत आहे, फाँटसकट, तीन ठिकाणी ठेवलेला. तुमच्या घरी आजोबांच्या आठवणी, आईची पाककृतींची वही, संस्थेची जुनी इतिवृत्तं अशा डॉक फाइलीत पडून असतील तर या रविवारी त्या उघडा. उघडल्या तर खुल्या साच्यात आणि पीडीएफमध्ये एकेक प्रत करून ठेवा. उघडल्या नाहीत तर पुसू नका, जाणत्या माणसाकडे न्या.