वखारीची भिंत

राजिवड्याला खाडीकाठी आमच्या आजोबांची लाकडाची वखार आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि दाराशेजारी भिंतीवरच रंगवलेली पाटी, उर्दू आणि मराठी दोन्ही लिपींत. वखार अजून उभी आहे. पाटी मात्र राहिली नाही. ती आम्हीच पुसली, आणि तीही वखार जपण्याच्या हौसेने.

आब्बांच्या इंतकालानंतर भिंती काळवंडल्या, शेवाळ धरू लागल्या. आम्ही भावंडांनी पैसे जमवून निळा ऑइलपेंट आणला आणि पाटीवरूनच दोन हात मारले. ईदला आलेल्या पाहुण्यांनी तारीफही केली. पहिल्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले, दुसऱ्यात पोपडे सुटले आणि पोपड्यांबरोबर दगडाची लाल भुकटी गळू लागली. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा हा छिद्रांचा दगड. पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. आम्ही त्याचं तोंडच बंद केलं होतं. मोहल्ल्यातले जुने गवंडी चाचा म्हणाले, "सर, भिंतीला रेनकोट घातलात, पण पाणी तर जमिनीतून वर चढतंय!"

डिसेंबर २०१७ मध्ये भाचीच्या निकाहसाठी मुंबईला गेलो, तेव्हा कुलाब्याच्या ससून डॉकवर चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. १८७५ साली बांधलेली ही गोदी. एके काळी इथे कापसाच्या गाठींची उलाढाल होती, आता मासळीची आहे. जुन्या गोदामांच्या भिंती रंगांनी भरून गेल्या होत्या. डॉकवर राबणाऱ्या माणसांची भलीमोठी छायाचित्रं भिंतींवर डकवली होती. आम्हाला आवडलं ते हे, की बाजूलाच बायका खाली बसून कोळंबी सोलत होत्या. त्यांना कुणी तिथून उठवलं नव्हतं. नाकाला रुमाल लावून चित्रं पाहणारेही होते. आम्हा मिरकरवाड्याच्या शेजाऱ्यांना त्या वासाचं काय!

हे काम ज्या संस्थेचं, तिच्या संस्थापकांपैकी एक हनीफ कुरेशी. गुजरातचे, बडोद्यात शिकलेले. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं नाहीशी होऊ नयेत म्हणून त्यांनी ती गोळा करून संगणकावर उतरवली. २०२४ मध्ये, ऐन उमेदीत, ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या या कामाबद्दल आम्ही प्रथम वाचलं तेव्हा आमचे कान लाल झाले. कुणी अनोळखी पेंटरांच्या अक्षरांमागे गावोगाव फिरतो आणि आम्ही आजोबांच्या दारावरची अक्षरं चार डबे रंगाखाली गाडली!

पुतण्याचा आग्रह आहे की वखारीवरही तसंच चित्र काढावं. गलबत, सुरमई, मागे दीपगृह. मुलगा हौशी आहे, हात चांगला आहे. त्याला आम्ही सांगितलं, बाबा, सिमेंटच्या भिंती काय कमी आहेत गावात? तिथे खुशाल काढ. जांभ्याला चुनाच हवा. चुनकळी भिजवायची, काही दिवस मुरू द्यायची, गाळून पातळ हात द्यायचे, एकावर एक. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो, हे खरं. ऑइलपेंट विकणारा नेमकं तेवढंच सांगतो.

गेल्या हिवाळ्यात निळा रंग खरवडायला घेतला. तारेचा ब्रश दगड खातो म्हणून लाकडी पट्टीने, हळूहळू. त्याआधी शाळेतली सातवीची मुलं घेऊन गेलो आणि वखार जशी आहे तशी वहीत काढायला लावली, पोपड्यांसकट. एकीने कौलं मोजून काढली. एकाने विचारलं, "सर, इथे विकत काय होते?" साग, किंजळ आणि होड्यांना लागणारं लाकूड, आम्ही सांगितलं, मग अर्धा तास होड्यांवरच गेला. त्याचे वडील बोटींवर नावं रंगवतात. आपल्याकडे हा हुनर अजून पोट भरतो, फ्लेक्स आला तरी.

खरवडताना दाराशेजारी मराठी 'वखार'मधला 'ख' दिसला आणि त्याच्या वर, फिकट, 'लकडी'चा लाम. बाकी अक्षरं पोपड्यांबरोबर गेली. चुन्याचे तीन हात झालेत. तेवढी हातभर जागा मोकळी सोडली आहे. त्या मुलाचे वडील येऊन बघतो म्हणालेत.