तापीकाठची पाणसळ

बुऱ्हाणपूर, सोमवार रात्र

ती. बाबा,


मुक्ताईनगरवरून इच्छापूर ओलांडून संध्याकाळी इथे पोचलो. सगळे ठीक आहोत, आईला सांगा. तुमचं फिरतं घर ज्या गाडीवर बांधायचंय, ती मुक्कामी सपाट करायला ‘हवा की जॅक’, हे बॉडीवाल्याला कळवायचं तुम्ही माझ्या पत्रासाठी थांबवलंय, म्हणून आधी तेच.

मुक्काम एका केळीच्या मळ्याच्या कडेला आहे. माती काळी, वरून कोरडी दिसते, बोट खुपसलं की ओल लागते. जमीन नदीकडे उतरती. सोबत आलेल्या आत्याच्या गाडीला पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. तिने चढाच्या बाजूची हवा सोडली, उताराच्या बाजूला भरली आणि थोड्याच वेळात गाडी सरळ झाली. सगळा भार टायरांवरच राहिला, काही रुतलं नाही. आमच्या भाड्याच्या गाडीला चार हायड्रॉलिक जॅक आहेत. उताराकडचा पहिला जॅक टेकवला, तर त्याच्या पायाची थाळी सरळ मातीत शिरू लागली. मळेवाल्या काकांनी शेडमधून जाड फळ्या आणून दिल्या, त्या थाळ्यांखाली घातल्यावर गाडी उचलली गेली. मागची चाकं मात्र जमिनीवरून सुटू द्यायची नाहीत. हँडब्रेक त्याच चाकांवर असतो. ती अधांतरी झाली की गाडी जॅकवरून सरकू शकते.

पाणसळ स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली, एकदा आडवी, एकदा उभी. बुडबुडा मधोमध आल्यावरच फ्रिज लावला. हा फ्रिज गॅसवर चालतो. त्यातलं अमोनियाचं द्रावण पंपाने फिरत नाही, उताराने परत येतं. गाडी तीनेक अंशांहून जास्त कलली, तर ते नळ्यांत साचतं, गारवा जातो आणि पुढे फ्रिजही. बॅटरीवरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज घेतलात तर एवढी कटकट नाही. पण मोरीचं पाणी आणि झोपणाऱ्याचं डोकं हे दोन्ही उतार ओळखतातच.

तुमची,
ताई

बुऱ्हाणपूर, मंगळवार

ती. बाबा,

पहाटे आत्याच्या गाडीचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि सगळे जागे झाले. कुठल्या तरी जोडातून हवा झिरपत होती, गाडी एका कोपऱ्यात बसली होती. आणि एरवीही तिच्या गाडीत कुणी कूस बदलली तरी कळतं, कारण पिशव्या काय, पाटे काय, दोन्ही झुलायलाच असतात. आमची गाडी जॅकवर घट्ट उभी होती.

आज कुंडी भंडारा पाहिला. इथे येऊन नुसती जिलेबी खाऊन परतणाऱ्यांनी काय गमावलं, ते त्यांना कधी कळणारच नाही! 1615 साली, अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने तो आखला. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारं पाणी बोगद्यात धरलं आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलं. ना मोट, ना रहाट. वर ओळीने कुंड्या आहेत, शंभराहून जास्त. त्यातल्या एकीत लोखंडी पाळण्यातून खाली उतरले. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेत, घोट्याशी गार पाणी, आणि त्याची चाल इतकी संथ की हात धरल्याशिवाय प्रवाह कळत नाही. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. चारशे वर्षांपूर्वी जमिनीखाली अंधारात हे मोजणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटला. तुम्ही इथे हवे होतात.

आता निर्णयाचं. चालत्या गाडीला हवाच चांगली. लालपरीत बसून आलेल्या माणसाला शिवनेरीत काय फरक पडतो, ते तुम्हाला मी काय सांगू? रोज मुक्काम हलवायचा असता तर मी हवाच म्हटलं असतं. पण तुम्ही दोघं एकेका जागी आठवडाभर राहणार, आईला चक्कर येते, रात्री उठून चालावं लागतं. तिच्या पायाखाली जमीन स्थिर हवी. म्हणून जॅक घ्या. पाटे आहेत तेच ठेवा. जॅक गाडी सपाट करण्यासाठी आहेत. त्यांच्या भरवशावर खाली सरकून काम करायचं नाही, हे बॉडीवाल्याच्या पोरांनाही बजावा.

आणि थाळ्यांपेक्षा मोठ्या चार फळ्यांसाठी मागच्या दाराखाली कप्पा आत्ताच काढायला सांगा. बॉडी झाल्यावर जागा निघत नाही. उद्या असीरगड.

तुमची,
ताई