बांगडीतल्या पिना

प्रवासाला निघताना मी यादी करतो : औषधे, टोप्या, बॅटरी, वाचायला दोन पुस्तके. आमच्या हिची तयारी बांगडीतच असते. बांगडीला लटकवलेल्या चार सेफ्टी पिना! "ही काय तुझी शस्त्रे?" असे नेहमीप्रमाणे म्हणून मी हसलो आणि आम्ही महाबळेश्वरच्या एस्.टी.त बसलो.

पसरणीचा घाट लागण्यापूर्वीच पिशवीचा बंद तुटला. एक पीन गेली. पाचगणीला मुलीच्या फ्रॉकचे बटण पडले, दुसरी गेली. वेण्णा तलावावर चिरंजीवांच्या चपलेचा अंगठा निघाला, तिसरी. आर्थर सीटकडे जाताना मुलीचा स्कार्फ उडू लागला, चौथी. आणि तिथेच माझ्या सदऱ्याचे बटण तुटले, तेव्हाही कुठूनशी एक पीन आलीच.

मास्तरकीची सवय! भन्नाट वाऱ्यात, कड्यावर उभा राहून मी मुलांना पिनेचा इतिहास सांगू लागलो. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली हिचे पेटंट घेतले आणि अवघ्या ४०० डॉलरांना हक्क विकून टाकले. साऱ्या जगाची सोय करणाऱ्याच्या पदरात पडले ते एवढेच!

'पदर' म्हणालो आणि सहज हिच्याकडे पाहिले. खांद्यावरचा पदर तिने एका हाताने घट्ट धरून ठेवला होता.

"अगं, पदराची पीन?"

"तुमच्या सदऱ्याला नाही का!"

पुढचा इतिहास मी सांगितला नाही. आता माझ्या यादीत पहिली ओळ असते : पिना, एक डझन. त्या मात्र माझ्या खिशात राहतात.