जमिनीखाली बांध नसतो

पास्काच्या जागरणविधीत पाण्याला आशीर्वाद देण्याची वेळ येते, तेव्हा गेली काही वर्षे माझा हात क्षणभर थबकतो. समोरच्या घागरीतले पाणी मिशनच्या आवारातले नसते. ते आमच्या कुंपणापलीकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीतून आलेले असते. आमच्या धर्मग्रामातील मुलांना त्यामागचे कारण ठाऊक नाही. मोठ्यांपैकी काहींना आहे. आज ते वाचकांना सांगावे असे वाटते, कारण ती माझ्या एका अपराधाची हकिकत आहे.

मी मूळचा वसईचा. आमच्या वाडीत बावखल होते, विहिरीवर रहाट होता, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली आणि माणसे सुखाने वाढत होती. तरुणपणी मी त्या गोड्या पाण्याचे टँकर रात्रंदिवस भरून जाताना पाहिले. विहिरी खारट होऊ लागल्या, बागा सुकू लागल्या. १९८८च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा मोर्च्यात चालणाऱ्या पोरांत मीही होतो. शेजाऱ्याचे पाणी ओरबाडणे हे पाप आहे, असे मी तेव्हा घसा फोडून सांगितले होते. फादर दिब्रिटो २०२४च्या जुलैमध्ये प्रभूघरी गेले. त्यांची आठवण आली, की पुढे मी काय केले याचीही आठवण होते.

धर्मगुरू झाल्यावर अनेक ठिकाणी सेवा करून मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आलो. हा तालुका दोन जगांच्या उंबऱ्यावर बसलेला आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, जिथे वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला माण-खटाव, जिथे पाचशे मिलिमीटरसाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. मधल्या ह्या पट्ट्यात कल्याणगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन असे उघडेबोडके डोंगर आहेत. वसना, वांगणा, तिळगंगा ह्या नद्या कृष्णेच्या ओढीने वाहतात. काही गावांना कालव्याचे पाणी मिळते, तिथे ऊस डोलतो. डोंगराकडेच्या गावांत मात्र घेवडा आणि ज्वारी हीच काय ती दौलत. इथला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. थोड्या दिवसांत, थोड्या पाण्यावर येणारे हे पीक म्हणजे ह्या मातीचे शहाणपणच.

२०१३चा उन्हाळा ज्यांनी ह्या भागात काढला, ते तो विसरणार नाहीत. माण-खटावमध्ये जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. मिशनच्या आवारातली जुनी विहीर मार्चअखेरीस कोरडी झाली. आवारात मुलामुलींचे वसतिगृह होते, भाजीचा मळा होता, आणि खरे सांगायचे तर माझ्या हौसेची केळीची एक ओळही होती. मी बोअर घ्यायचे ठरवले. रात्रभर यंत्र घरघरत राहिले, आणि तीनशे फुटांच्या आसपास पाणी लागले. पाण्याचा फवारा उडाला तेव्हा मुले नाचली. मी देवाचे आभार मानले आणि रविवारच्या प्रवचनात खडकातून पाणी काढणाऱ्या मोशेचा दाखला दिला.

कुंपणापलीकडे आबांचे शेत होते. वय साठीच्या पुढे, दोन एकरांची जिरायत, एक विहीर आणि विहिरीच्या कडेला जनावरांसाठी केलेले हिरव्या मक्याचे अर्धे वाफे. बोअर झाल्यावर तीन आठवड्यांत त्यांच्या विहिरीचा तळ उघडा पडला. मला ते कळले नाही. म्हणजे, मी ते विचारले नाही. एके सकाळी आबा गाय घेऊन बाजाराकडे निघालेले दिसले. मी सहज विचारले, ''आबा, गाय कुठे?''

''इकाया, फादर. पानी न्हाई.''

''विहीर आटली?''

आबांनी कुंपणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. म्हणाले, ''फादर, वर बांध असतोय. जमिनीखाली बांध नसतो.''

एवढे बोलून ते गाईला घेऊन पुढे गेले.

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे जाणकारांकडून समजला. आपल्या दख्खनच्या मातीखाली काळा कातळ आहे. त्या कातळावरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांमध्येच काय ते पाणी साठते. उघडी विहीर वरच्या थराचे पाणी घेते. बोअर खोल भेगेपर्यंत जाते, आणि त्या भेगेचा वरच्या थराशी सांधा असला, तर शेजारच्या विहिरीचे पाणी गुपचूप खाली ओढले जाते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्याला आपल्या राज्याने १९९३च्या कायद्याने निर्बंध घातला. पण आबांच्या विहिरीला तसले कवच नव्हते. तिला केवळ माझ्या विवेकाचे संरक्षण होते, आणि माझा विवेक त्या वेळी मोशेवर प्रवचन देत होता.

मी केळीची ओळ काढून टाकली. आबांच्या जनावरांसाठी कुंपणाजवळ हौद बांधून दिला. पण त्यांच्यासमोर जाऊन 'मी तुमचे पाणी घेतले' हे शब्द माझ्याच्याने उच्चारवले नाहीत. इतरांची पापनिवेदने ऐकणाऱ्याला स्वतःचे निवेदन किती जड जाते, हे धर्मगुरू जाणतात.

तीन वर्षांनी, २०१६मध्ये, पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी राज्यातील तीनच तालुके निवडले होते: विदर्भातील वरुड, मराठवाड्यातील अंबाजोगाई आणि आमचे कोरेगाव. तिन्ही तालुक्यांतील ११६ गावे उतरली. २० एप्रिल ते ५ जून, असे भर उन्हाचे सुमारे पंचेचाळीस दिवस माणसे पहाटे डोंगर चढू लागली. साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ यांच्यासारखी माणसे गावोगाव फिरून लोकांना जागे करत होती. पन्नास लाखांचे पहिले पारितोषिक आमच्याच तालुक्यातील वेळू गावाने मिळवले. आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन मीही एका डोंगरावर श्रमदानाला जाऊ लागलो. ते गाव वेळूसारखे गाजले नाही, म्हणून त्याचे नाव इथे नको.

सेमिनरीत असताना आम्हा विद्यार्थ्यांना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नेले होते. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडमधून आलेले येशूसंघीय धर्मगुरू तिथे आयुष्यभर पाण्यासाठी झटत होते. १९८९मध्ये त्यांच्या प्रेरणेने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. त्यात शिरणाऱ्या गावाला श्रमदानासोबत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पत्करावी लागे. काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यायचे, हा त्यातला मूळ धडा. वर समतल चर, मग ओघळींत दगडी बांध, त्याखाली माती नालाबांध. धावणाऱ्या पाण्याला आधी चालायला लावायचे, मग थांबायला, मग मुरायला. वहीत मी हे सगळे व्यवस्थित लिहून घेतले होते. कुदळ हाती घेतल्यावर कळले, की वहीत एक गोष्ट राहूनच गेली होती.

ती अशी. डोंगराचा माथा एका गावाचा आणि विहिरी दुसऱ्या गावाच्या. चर खणायचे ते वरच्या वस्तीच्या गायरानात. पाझर लागणार तो खालच्या शिवाराला. चर टिकायचे, गवत धरायचे, तर डोंगर चराईला बंद करायला हवा. आणि डोंगरावर चरणाऱ्या शेळ्या कोणाच्या? ज्यांना विहीर नाही, शेत नाही, अशा वरच्या वस्तीतल्या गरिबांच्या. म्हणजे त्याग एकाने करायचा आणि फळ दुसऱ्याने खायचे.

दोन्ही गावांची बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. मला पाहुणा म्हणून बोलावले होते. 'पाणी हे देवाचे दान' असे एक भाषण मी मनात जुळवून नेले होते. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ साली आले होते, त्यातले पाण्याविषयीचे चिंतनही सांगणार होतो. पण माझ्याआधी वरच्या वस्तीतली एक म्हातारी उठली. म्हणाली, ''डोंगर बंद करा. खालच्या हिरी भरतील. माज्या सात शेळ्या मी काय उशाला घिऊन बसू?''

सभामंडपात शांतता पसरली. खालच्या गावचे विहीरवाले जमिनीकडे पाहू लागले. सरपंचांनी मला बोलायची खूण केली. मी उठलो, आणि समोर तिसऱ्या ओळीत आबा बसलेले दिसले. त्यांची जमीन खालच्या गावच्या हद्दीत होती, हे मी विसरलो होतो. जुळवलेले भाषण तिथेच संपले. मी बोअरची हकिकत सांगितली. कोणाची विहीर आटली, कोणाची गाय विकली गेली, हे सांगितले. म्हणालो, ''आबा, मी तुमचे पाणी घेतले. तीन वर्षे तुम्हाला तोंड उघडून सांगितले नाही. मला क्षमा करा.''

माझ्या कबुलीने कोणाचे मतपरिवर्तन झाले, असे मी म्हणत नाही. एका माणसाने आपला हिशेब उघडा केला, की दुसऱ्याला आपला झाकून ठेवणे अवघड जाते, एवढेच. आबा सावकाश उठले. माझ्याकडे न पाहता त्या म्हातारीला म्हणाले, ''आक्का, माज्या कडब्यातल्या शंभर पेंढ्या तुज्या. आन् सुगी झाली की शेळ्या माज्या रानात बसीव. खत मला, चारा तुला.'' मग दुसरा उठला, तिसरा उठला. शेवटी ठरले ते असे: डोंगर एकदम बंद करायचा नाही, निम्मा दोन वर्षे बंद, निम्मा खुला, मग आलटापालट. खालच्या विहीरवाल्यांनी कडबा द्यायचा, आणि वरच्या गायरानातल्या चरांवर खालच्या माणसांनीही श्रमदानाला यायचे. नवे बोअर कोणी घ्यायचे नाही. कागदावर काही लिहिले नाही. देवापुढे नारळ फोडला.

इसहाकाच्या विहिरींची कथा आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. त्याच्या चाकरांनी एक विहीर खणली, तिच्यावरून भांडण झाले. दुसरी खणली, तिच्यावरूनही झाले. तिसऱ्या विहिरीवरून कोणी भांडले नाही, आणि तिला त्याने 'रहोबोथ' म्हणजे मोकळी जागा असे नाव दिले. ती मोकळी जागा मला त्या सभामंडपात दिसली. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७४पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला, तोही ह्याच वाटेचा. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनालाही वाटा ठेवला, आणि ऊस वर्ज्य केला. कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटायला लवाद बसवावा लागला. १९७६च्या बच्छावत निवाड्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले. लवादाने वाटा ठरवता येतो. पण माथ्यावरच्या म्हातारीच्या सात शेळ्या कोणत्याच लवादापुढे जात नाहीत. त्यांचा विचार शेजाऱ्यालाच करावा लागतो.

पुढे काय झाले, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिल्या चांगल्या पावसानंतर चर भरले, विहिरींचे पाणी उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा उशिरापर्यंत टिकू लागले. पण पाणी दिसताच मोहही दिसू लागला. घेवड्याच्या रानात दोघांतिघांनी ऊस लावला. एकाने रात्रीतून बोअर घेतले. वॉटर कप स्पर्धा २०१९नंतर थांबली. काही चर गाळाने भरले, काही बांधांचे दगड निखळले. पाणी अडवायला पंचेचाळीस दिवस पुरतात. वाटून खायला सारा जन्म लागतो. दरवर्षी मे महिन्यात दोन्ही गावांतली वीस-पंचवीस माणसे अजून डोंगरावर जातात आणि गाळ काढतात. संख्या कमी आहे. आमची मुले त्यांच्यात असतात.

मिशनचे बोअर आता केवळ पिण्यासाठी आणि वसतिगृहासाठी चालते, तेही ठरल्या वेळीच. छपराचे पाणी जुन्या विहिरीत सोडले आहे. मळ्यात घेवडा असतो.

बैठकीनंतरच्या पहिल्या पास्काला मी आबांकडे गेलो आणि विधीसाठी एक घागर पाणी मागितले. ते हसले. म्हणाले, ''तुमचं बोअर आटलं का काय?'' मी म्हणालो, ''नाही आबा. पण देवापुढे ते पाणी न्यायला मला धीर होत नाही.'' त्यांनी स्वतः पोहऱ्याने पाणी शेंदून घागर भरून दिली.

आबा दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्यांची सून घागर आणून देते. गेल्या वर्षी तिने आवर्जून सांगितले, ''फादर, औंदा हिरीला तीन परस पानी हाय.'' त्या रात्री त्याच पाण्याने आमच्या धर्मग्रामातील एका बाळाचा स्नानसंस्कार झाला. पाणी कपाळावर पडताच बाळ मोठ्याने रडले, आणि सारे देऊळ हसले.