क्लच सुटत नाही!

परदेशात गेलेल्या मराठी माणसाला काय काय आठवतं यावर आजवर भरपूर लिहून झालंय. पुरणपोळी, गणपती, पहिला पाऊस वगैरे. मला विचाराल तर सगळ्यात जास्त आठवतो तो कोपऱ्यावरचा मेकॅनिक! गाडी नुसती ढकलत नेली तरी हातातला चहा खाली न ठेवता रोग सांगणारा.

ऑकलंडमध्ये असा कोपरा नाही. इथे मेकॅनिक तासावर पैसे घेतो आणि तो आकडा ऐकून आपणच पान्हा हातात घेतो. त्यामुळे घरोघरी गॅरेज म्हणजे छोटा कारखानाच असतो. न्यूझीलंडवाल्यांना या गोष्टीचा भारी अभिमान. शेताच्या कुंपणाला लागते ती आठ नंबरची, साधारण चार मिलिमीटर जाडीची तार. ती हाताशी असली की किवी माणूस काहीही दुरुस्त करतो असं म्हणतात. थोडक्यात, आपला जुगाड! यांचा लाडका नायक म्हणजे इन्व्हरकार्गिलचा बर्ट मन्रो. 1920 सालच्या 'इंडियन स्काउट' मोटरसायकलचे पिस्टनसुद्धा त्याने घरी ओतले आणि 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी सुमारे 295 किलोमीटरचा विक्रम केला. (इंडियन म्हणजे अमेरिकन कंपनी बरं का, आपण नव्हे!)

तर सांगायचा मुद्दा असा, की आमच्या शेजारीही असाच एक मन्रो तयार होतोय. आम्ही राहतो माउंट रॉस्किलमध्ये, एका उतारावर. ऑकलंड शहर पन्नासेक ज्वालामुखींवर वसलंय, त्यामुळे चढउतारांना तोटा नाही. शेजारचं कुटुंब सामोअन. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा. गोऱ्यांची पोरं मला सरळ नावाने हाक मारतात, हा मात्र 'अंकल' म्हणतो. शनिवारी पहाटे पाचला त्याला बेकरीत कामावर पोचायचं असतं आणि त्या वेळी बस मिळत नाही. म्हणून पठ्ठ्याने जुन्या सायकलला 66 सीसीचं चिनी टू-स्ट्रोक इंजिन बसवलं.

"अंकल, क्लच सुटत नाही. केबल आवळून आवळून थकलो."

मागे त्याची आई उभी. तिने एवढंच विचारलं, "थांबायचं असेल तेव्हा ही थांबेल का?"

प्रश्न अगदी नेमका होता. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यातली मैत्री हवी तेव्हा तोडायची सोय. ती तुटली नाही तर तुम्ही ब्रेक दाबताय आणि इंजिन पुढे ढकलतंय! उतारावर, खाली सिग्नल असताना, हा खेळ परवडणारा नाही.

आपल्याकडच्या लुनाला ही भानगड नव्हती. 1972 मध्ये नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) फिरोदियांच्या कायनेटिकने आणलेल्या या 50 सीसीच्या गाडीला पायडल होते, पण क्लचची मूठ नव्हती. इंजिनचा वेग वाढला की आतले शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला पकडत, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की स्प्रिंग त्यांना मागे ओढत. काका-काकूंना क्लच शिकायची गरजच पडली नाही!

या चिनी इंजिनाचा क्लच मात्र हाताने ओढायचा. मूठ दाबली की केबल एक छोटी दांडी ओढते. दांडी फिरली की तिच्या खालचा कॅम एका स्टीलच्या गोळीला ढकलतो, गोळी पोकळ शाफ्टमधल्या सळईला ढकलते आणि सळई पलीकडच्या बाजूची प्लेट बाहेर सरकवते. प्लेट जेमतेम एखादा मिलिमीटर हलते, पण तेवढ्यात पॅडवरचा दाब जातो आणि चाक मोकळं होतं.

म्हणजे हाताची हालचाल केबल, कॅम, गोळी, सळई असा प्रवास करत प्लेटपर्यंत पोचते. क्लच सुटत नसेल तर ती वाटेत कुठेतरी हरवली किंवा पोचूनही पॅड चिकटून राहिले. तिसरी शक्यता नाही. माणूस केबलच आवळत बसतो, कारण ती बाहेर दिसते.

इंजिन बंद ठेवून मी मूठ दाबली आणि सायकल ढकलली. इंजिन धापा टाकत फिरलं, म्हणजे क्लच नक्कीच सुटत नव्हता. केबल नीट, दांडीही व्यवस्थित फिरत होती. मग उजवीकडचं झाकण उघडलं, पोराला मूठ दाबायला लावली आणि टॉर्च मारून प्लेट बघितली. ढिम्म! मग डावीकडचं झाकण काढलं, सळई बाहेर घेतली आणि भोकात बघितलं. गोळीच नव्हती!

"हे झाकण आधी उघडलं होतंस?"

"चेन साफ करायला, दोनदा..."

झाकण काढलं की ती गोळी टुणकन बाहेर पडते आणि गॅरेजच्या जमिनीवर कायमची गडप होते. व्हर्नियरने माप घेऊन सायकलच्या दुकानातून तशी बेअरिंगची गोळी आणली. दुकानदाराने पैसेही घेतले नाहीत. गोळी ग्रीस लावून बसवल्यावर प्लेट हलली, तरी चाक थोडं ओढत होतं. प्लेटवरचा फुलासारखा नट एक खाच सैल करून त्याचा छोटा स्क्रू परत बसवला. आता मूठ दाबली की सायकल साध्या सायकलसारखी घरंगळायला लागली.

पोरगा नाचायला लागला. आई मात्र अजून माझ्याकडेच बघत होती, तेव्हा उरलेलं उत्तर देणं भाग होतं. इथल्या कायद्यात मोपेड 50 सीसीपर्यंतच. 66 सीसी म्हणजे थेट मोटरसायकल. नोंदणी हवी, लायसन्स हवं. 300 वॅटपर्यंतची विजेची मोटर असेल तरच ती सायकल. शिवाय त्या सायकलचे ब्रेक पायाच्या वेगासाठी बनवलेले! क्लच सुटतो म्हणून ती रस्त्यावर न्यायच्या लायकीची होत नाही.

त्याचा चेहरा पडला. शनिवारची पहाट काही टळणार नव्हती. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यानेच पान्हा उचलला आणि आम्ही दोघांनी मिळून इंजिन उतरवलं. वायकाटोत त्याचा मामा एका डेअरी फार्मवर कामाला आहे; मालकाने होकार दिल्यामुळे तिथल्या माळावर ते चालवायचं ठरलं.

सध्या तीच सायकल तो पायडल मारत बेकरीत नेतो. पगारातले पैसे बाजूला टाकतोय, विजेची सायकल घ्यायची म्हणून. वायकाटोला जाताना मात्र माझ्याकडून दोन जादा गोळ्या मागून घेऊन गेला. काडेपेटीत, कापसात गुंडाळून!